भोक सर्व्हरला, झडती माझी

मंदाताईंनी माझी पर्स टेबलावर उलटी केली.

डबा. कंगवा. रुमाल. रिक्षासाठीचे सुट्टे. डोकेदुखीच्या गोळ्या. सॅनिटरी पॅड. सगळं त्या काचेच्या टेबलावर, चार माणसांच्या समोर. दोन ट्रस्टी होते, उपेंद्र सर होते, संचालिका मॅडम होत्या. मंदाताई आमच्या ऑफिसात साफसफाई करतात, माझ्या आईच्या वयाच्या आहेत. त्यांनी पॅड पटकन रुमालाखाली सरकवला. मॅडमनी रुमाल उचलून बघितला.

"पेनड्राइव्ह असेल. नीट बघ," मॅडम म्हणाल्या.

पेनड्राइव्ह नव्हता. मग मॅडमनी हात पुढे केला. "फोन दे. लॉक काढून."

मी दिला. का दिला? आजही विचारते स्वतःला. त्या खोलीत नाही म्हणता येतं हेच तेव्हा माहीत नव्हतं.

मीरा रोडला एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर विभागात होते. विभाग म्हणजे दोनच माणसं. उपेंद्र सर प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. संस्थेच्या शाळा, कॉलेज, सगळ्यांची मेल आमच्याच ऑफिसातल्या सर्व्हरवरून जायची. मेल सर्व्हर म्हणजे संस्थेचं स्वतःचं पोस्ट ऑफिस समजा. आदल्या दिवशी त्या पोस्ट ऑफिसातून हजारभर पालकांना एक घाण मेल गेली. नागडे फोटो. खाली शिव्या. पाठवणाऱ्याचं नाव: संचालिका मॅडमचं. सकाळी गेटवर पालकांची गर्दी. मॅडमचा चेहरा पांढराफटक.

आता हे कसं झालं, तर यात काहीही गूढ नव्हतं.

आमच्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर जगभरातल्या असंख्य कंपन्या वापरतात. काही आठवड्यांपूर्वी ते बनवणाऱ्यांनीच जाहीर केलं होतं की त्यात एक होल सापडलंय. बाहेरचा माणूस पासवर्ड न टाकता आत शिरू शकतो आणि कुणाच्याही नावानं मेल पाठवू शकतो. दुरुस्तीचा पॅचही त्यांनी दिला होता. तो टाकायला सर्व्हर अर्धा दिवस बंद ठेवावा लागणार होता. बस, एवढंच.

उपेंद्र सरांना हे माझ्याइतकंच माहीत होतं. आम्ही दोघं मिळून मॅडमकडे गेलो होतो. मॅडम म्हणाल्या, "अ‍ॅडमिशन चालू आहेत. आत्ता एक तासही बंद नको." पुढच्या आठवड्यात मी पुन्हा विचारलं, ट्रस्टींच्या समोर. तेव्हा सर खाली बघत होते. मॅडम म्हणाल्या, "तू फार घाबरतेस बाई."

म्हणजे दार उघडं आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि तरी चोर म्हणून झडती माझी.

सर्व्हरच्या खोलीची किल्ली आम्हा दोघांकडे होती, सरांकडे आणि माझ्याकडे. उपेंद्र सरांची लॅपटॉपची बॅग त्यांच्या मांडीवर होती. काळी, जाडजूड, सतरा कप्प्यांची. तिला कुणी हात लावला नाही. लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सर ती दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

मॅडमनी माझा फोन चाळला. घरचे मेसेज उघडले. माझी मामेबहीण कळव्याला सायबर सिक्युरिटीचा कोर्स करते. आमच्या सर्व्हरचं रडगाणं मी तिच्याजवळ गायलं होतं, तर तिनं लिहिलं होतं, 'ताई, तुझं ऑफिस मी चहा पिता पिता हॅक करेन.' पुढे हसण्याची तोंडं. मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं. एकेक शब्द. मग फोन ट्रस्टींकडे दिला.

"ती चेष्टा आहे मॅडम," मी म्हणाले.

"तुमच्या लोकांना आत घेतलं की हेच होतं," मॅडम म्हणाल्या. "तुझा बाप साधा माणूस होता. त्याच्याकडे बघून घेतलं तुला. कोट्यातनं आलेल्यांचं हे असं."

आमच्या संस्थेत कोटा नव्हताच. मी परीक्षा देऊन आले होते, मुलाखत देऊन आले होते. उपेंद्र सरांनीच घेतली होती ती मुलाखत. ते कॅलेंडर बघत राहिले.

ऑफिसात जात कुणी विचारत नाही. आडनाव विचारतात. आडनावानं भागलं नाही की गाव विचारतात. मग "अच्छा" म्हणतात आणि त्यानंतर तुमच्या डब्यातली भाजी कुणी मागत नाही. ते 'अच्छा' मी तीन वर्षं गिळलं होतं. 'तुमच्या लोकांना' पहिल्यांदाच तोंडावर आलं.

मी वस्तू गोळा केल्या. मंदाताईंनी कंगवा हातात दिला.

माझे बाबा याच संस्थेच्या शाळेत शिपाई होते. रिटायर होऊन बरेच दिवस झाले. आम्ही भाईंदर पूर्वेला राहतो. घरी गेले तेव्हा ते लसूण सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं. पर्स, फोन, पॅड. पॅडचं बापाला सांगताना जीभ अडखळली, तरी सांगितलं.

बाबा म्हणाले, "अंगाला हात तर नाही ना लावला?"

"नाही."

"मग जाऊ दे. माझा डबा तर रोज उघडायचे गेटवर. सुटताना."

"कशाला?"

"खडू नेतो का, साबण नेतो का, बघायला."

"सगळ्यांचा बघायचे?"

"मास्तरांचा कशाला बघतील?" बाबा म्हणाले आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

लहान असताना बाबा कामावरून आले की मी तो डबा उघडायचे. त्यात माझ्यासाठी अर्धी पोळी नाहीतर भजी ठेवलेली असायची. मी हावरटासारखी खायचे. ती पोळी आधी कुणीतरी बोटानं उचकून, खाली साबण नाही ना बघून, मग माझ्याकडे आलेली होती. रोज. आणि बाबांनी घरात कधी सांगितलं नाही. त्यांना ते सांगण्यासारखंच वाटलं नाही. घाम येतो तसं ते होतं त्यांच्यासाठी.

मला बाबांचाच राग आला. ताट आपटलं मी. म्हणाले, "तुम्ही एकदा तरी नाही म्हणायचं होतं."

बाबा म्हणाले, "नाही म्हटलं असतं तर तू शिकली असतीस का?"

हा प्रश्न विचारायची वेळ ज्यांनी बाबांवर आणली, त्यांचा चेहरा मला त्या संध्याकाळी स्पष्ट दिसला. तो चेहरा मॅडमचा होता. उपेंद्र सरांचाही होता. सुशिक्षित, सौम्य, कॅलेंडरकडे बघणारा.

दुसऱ्या दिवशी संस्थेनं बाहेरून तपासणी करणारा माणूस बोलावला. त्यानं दुपारपर्यंत सर्व्हर बघितला आणि सगळ्यांच्या समोर सांगितलं, "अंदर का कोई नहीं है. बाहर से घुसा है. वही होल, जो सबको पता है. पॅच क्यों नहीं डाला?"

मी वाट बघत होते. एक शब्द तरी येईल म्हणून. 'चुकलं' नको, निदान 'तुझं काही नव्हतं' एवढं. मॅडम त्या माणसाला म्हणाल्या, "चाय लेंगे?"

संध्याकाळी त्यांनी मला एकटीला आत बोलावलं. आवाज गोड.

"उद्या पालकांची सभा आहे. त्यांना काहीतरी सांगावं लागेल. आपण म्हणू, पॅचचं काम तुझ्याकडे होतं, तू विसरलीस. लहान मुलगी आहे, सांभाळून घ्या, असं मी बोलेन. नोकरी जाणार नाही तुझी. दुसऱ्या शाखेत पाठवू."

"मी विसरले नाही मॅडम. मी दोनदा सांगितलं. तुम्ही नाही म्हणालात."

"अगं, ते आपल्याला माहितीये. पालकांना कुठे माहितीये?"

"आणि माझी झडती?"

"ते इतकं काय मनाला लावून घेतेस?"

तेव्हा मी म्हणाले, "नाही."

मॅडमना ऐकू आलं नसावं. "काय?"

"नाही. मी विसरले असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणायचं नाही. आणि ज्यांच्यासमोर माझी पर्स उलटी केलीत त्यांच्यासमोर माझी माफी मागायची."

मॅडम हसल्या. खरंच हसल्या. मला ते हसणं बरं वाटलं. भीतीचा उरलासुरला ओलावा त्यानं सुकवला.

सभेत मॅडम माईकवर बोलल्या. एका ज्युनियर कर्मचाऱ्याकडून अनवधानानं राहून गेलं, वगैरे. मी मागच्या बाजूला भिंतीला टेकून उभी होते. पुढे गेले. माईक कुणी दिला नाही, म्हणून ओरडून बोलले.

"ती ज्युनियर मी आहे. सर्व्हरला होल आहे हे आम्ही सांगितलं होतं. बंद करायला अर्धा दिवस लागणार होता. अ‍ॅडमिशनसाठी नको म्हणाले. तुमच्या मुलांची माहिती उघड्यावर होती आणि यांना माहीत होतं. विचारा उपेंद्र सरांना."

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "हा अंतर्गत विषय आहे."

वॉचमननं माझ्या गळ्यातलं आयकार्ड काढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून निरोप आला.

मी पोलीस ठाण्यात गेले. झडतीची आणि त्या वाक्याची तक्रार लिहून द्यायला. साहेबांनी विचारलं, "जातीचं नाव घेतलं का?"

"'तुमचे लोक' म्हणाल्या. 'कोट्यातनं' म्हणाल्या."

"म्हणजे नाव नाही घेतलं."

"साहेब, नाव न घेता कसं मारायचं हे शिकूनच ते मोठे झालेत."

पहिल्या दिवशी तक्रार घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी बाकावर बसून राहिले. शेवटी घेतली.

साक्षीला कुणी नाही. उपेंद्र सर फोन उचलत नाहीत. मंदाताईंना मी बाजारात गाठलं. त्या म्हणाल्या, "मी आपणहून येणार न्हाय गं. पण बोलावलं तर खोटं पण बोलणार न्हाय." त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या हातून ते करून घेतलं, हाही माझ्या तक्रारीतला मुद्दा आहे.

परवा आमच्याच समाजातले एक जण घरी आले. मॅडमचा निरोप घेऊन. तक्रार मागे घेतली तर परत कामावर घेतील, पगारही वाढवतील. बाबा म्हणाले, "विचार कर." बाबा अजूनही तेच म्हणतात. आमचं यावर रोज भांडण होतं.

मी निरोप्याला चहा दिला आणि सांगितलं, काय सांगायचं ते.

माफी बंद खोलीत नको. कानात नको. त्याच टेबलाशी, त्याच माणसांसमोर, मोठ्यानं. ती मागणार नसतील तर कोर्टात भेटू. तारखा पडतील, पडू द्या. नवी नोकरी मिळायला त्रास होईल, तोही चालेल. यापुढे कुणी त्या गेटवर डबा उघडून दाखवणार असेल, तर आधी मास्तरांचा उघडा म्हणून मी तिथे उभी असेन.