पांडाचा गोठा धुतला तेव्हा

लिन मॅडम हातात रिकामी सिरिंज घेऊन दारात उभ्या होत्या. मी फिनाईलच्या वासात पाइप गुंडाळत शाबासकीची वाट बघत होतो.

"सॅम्पल?" त्यांनी विचारलं.

"कोणतं?"

त्यांनी लखलखीत फरशीकडे पाहिलं. मग नालीकडे. मग माझ्याकडे.

चीनमधल्या एका पांडा प्रजनन केंद्रात माझी तीन महिन्यांची इंटर्नशिप होती. मी राळेगाव तालुक्यातला, नुकताच व्हेटरनरी डॉक्टर झालेला. म्हशींचा तज्ज्ञ, निदान स्वतःच्या मते. तोवर माझ्याकडे फक्त बांबू तोलायचं काम होतं.

पांडाची मादी वर्षातून एकदाच माजावर येते. त्यातले कामाचे दिवस दोन-तीन. ती वेळ लघवीतल्या हार्मोनवरून कळते. ते चढत जातं आणि एकदम पडतं. पडलं की लगेच कृत्रिम रेतन करायचं. चुकलं की वर्षभर थांबा. त्या दिवशी ते पडणार, असा सगळ्यांचा अंदाज होता. पण लघवी फरशीवरूनच सिरिंजनं ओढून घेतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, तर मी नाश्त्याच्या रांगेत असेन.

मला एवढंच कळलं होतं, की आज केंद्राच्या प्रमुख, लिन मॅडम, स्वतः येणार. आमच्याकडे डॉक्टर जनावर पाहायला येणार म्हटलं, की आई आधी गोठा धुवायला लावते. मी लावला पाइप.

"आता?" मी विचारलं.

"आता ती पुन्हा करेपर्यंत तू इथून हलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. रागावल्या नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली.

दोन तास गेले. बाईसाहेब बांबू खात राहिल्या. शेवटी मी शीळ घातली. वखर सोडल्यावर बाबा अशीच घालतात, बैल लगेच मुततात. काचेपलीकडे सहा-सात शास्त्रज्ञ जमले. बाईसाहेबांनी माझ्याकडे पाठ केली आणि झोपल्या.

तेवढ्यात बाबांचा फोन. त्या वर्षांत कापूस सारखा बुडत होता, गावात त्याचं नाव कोणी काढत नसे. बाबांना हसायला माझ्याच बातम्या उरल्या होत्या.

"काय करून राह्यला बे?"

"पांडाच्या मुताची वाट पाहून राह्यलो, बाबा."

"मंग तिकडं कायले गेला? आपल्या गोठ्यात काय कमी होतं?"

"शीळ घातली, तरी करून नाही राह्यली."

"पाणी पाजलं का तिले?"

मी कोपऱ्यात पाहिलं. पाण्याचं घमेलं मी सकाळी घासून, पुसून, उपडं घातलं होतं.

ते भरल्यावर ती बराच वेळ पीत राहिली. तासाभरानं मी फरशीवर पोटावर पडून दोन मिली ओढली. रिपोर्ट आला. हार्मोन पडलेलं होतं. कधी पडलं, ते कळायला मार्ग नव्हता. मॅडमनी लगेच रेतन केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं.

"उशीर झाला का?" मी विचारलं.

"सकाळच्या सॅम्पलला माहीत."

त्या वर्षी पिल्लू झालं नाही. माझ्यामुळे झालं नाही, असं सिद्ध करता येत नाही. तुझ्यामुळे नाही, असंही मला कोणी म्हणालं नाही. अहवालात मॅडमनी माझं नाव टाळून एवढंच लिहिलं, "सकाळचा नमुना उपलब्ध नाही." पांडाच्या विज्ञानात माझी भर ती तेवढीच.

तेव्हापासून नव्या जागी पहिले आठ दिवस मी काहीही स्वच्छ करत नाही.