गच्चीवरच्या दोघांची बोहनी

आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहणाऱ्या दोघांनी मला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहितो, नंतर कोणी म्हणायला नको की शेटनी आडून आडून सांगितलं. सुताचे दलाल, रंगाचे व्यापारी, ‘वर्षभर माल उचलतो’ म्हणत मोठ्या गाडीतून उतरणारे गोडबोले, यांच्यापैकी एकालाही आजवर जे जमलं नाही ते या दोघांनी केलं. नवी पेठेत माझं चादरी-टॉवेलांचं दुकान आहे. माझ्याशी भाव करून बाहेर पडलेला माणूस आधी समोरच्या रसवंतीत बसून दम खातो आणि मगच पुढे जातो, अशी माझी ख्याती आहे. आणि मला गंडवलं कुणी, तर पंख्याच्या घरघरीला गाणं म्हणणाऱ्या दोन इसमांनी.

एक लांबडा आहे आणि एक बुटका. त्यांना नावं आहेत, पण दोघांच्याही कानांवर सदैव ते मोठे हेडफोन असल्यामुळे नावांचा काही उपयोग होत नाही. लांबडा विणकर घरातला. आईशी फोनवर तेलुगूत बोलतो, माझ्याशी मराठीत बोलतो आणि कॉम्प्युटर अडला की दोन्ही भाषांत शिव्या देतो. बुटक्याचे वडील टेम्पो चालवतात. तो मला चाचा म्हणतो आणि मी चिडलो की दखनीत माझी समजूत घालतो. दोघं मिळून गाणी तयार करतात. गाणी म्हटल्यावर पेटी-तबला असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. त्यांच्या खोलीत एक कॉम्प्युटर, दोन काळे स्पीकर, बटणांच्या पाट्या आणि वायरींचं जंगल आहे. जोडीला एक इंग्रजी नाव आहे. त्याचा अर्थ विचारला तर लांबडा म्हणतो, बुटक्याला माहीत आहे, आणि बुटका म्हणतो, लांबड्याला माहीत आहे.

खोली बघायला आले तेव्हा लांबड्यानं भिंतीवर टिचकी मारली. मला वाटलं, गिलावा पोकळ आहे असं दाखवून भाडं पाडणार. मी आनंदानं बाह्या सरसावल्या. मग बुटका प्रत्येक कोपऱ्यात जाऊन टाळ्या वाजवायला लागला. शेवटी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, बुटका म्हणाला, “हौ, गूंज अच्छी है,” आणि मी सांगितलेलं भाडं त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं. पहिल्याच आकड्याला! पहिला आकडा काय कबूल करायला सांगतात? तो सांगायचा असतो, समोरच्यानं छातीवर हात ठेवायचा असतो, जिन्यापर्यंत जाऊन परत यायचं असतं. इतका अपमान माझा कुणी केला नव्हता. जेवण गोड लागेना. म्हणून दुसऱ्या दिवशी मी वर गेलो आणि घासाघीस करायला दुसरं काहीतरी शोधून काढलं. म्हटलं, “वर जे गाणं तयार होईल त्याची बोहनी माझी. बाहेर कुणाच्याही कानावर पडण्याआधी मी ऐकणार.”

आता मात्र दोघं पेटले. “काका, असं कुटं असतंय व्हय?” लांबडा म्हणाला. बुटका म्हणाला, “चाचा, गाना है, टॉवेल नही.” मी म्हटलं, माझ्या छपराखाली बनलेला माल माझ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. दुपारभर तंडलो. शेवटी मी आवाजाबद्दल तक्रार करायची नाही आणि त्यांनी पहिलं गिऱ्हाईक मलाच धरायचं, असं ठरलं. बोहनीचा शब्द म्हणजे काय ते दुकानदाराला विचारा. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक आम्ही विन्मुख जाऊ देत नाही आणि दुसऱ्याचं पळवत नाही. हा शब्द त्या दोघांनी मला दिला होता.

त्यानंतर बऱ्याच सकाळी शटर उघडण्याआधी मी गच्चीवर गेलो. दोघं रात्रभर जागल्यासारखे तांबारलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत बसायचे, आणि मी डोळे मिटून, चादर चाचपावी तसं गाणं चाचपायचो. “सुरुवात किती लांबवलीय? गिऱ्हाईक पायरीवरनंच परत जाईल. कमी कर.” लांबडा थोडं कमी करायचा. “अजून कमी कर.” “काका, आता फक्त शेवट उरला की!” “मग शेवटालाच सुरुवात कर. आणि हितं मधे झोल आलाय, तो काढ.” आश्चर्य म्हणजे ते खरोखर काढायचे. मला त्यांचं संगीत कळत नाही, हे मी त्यांना कळू दिलं नाही. पण विणीत कुठं सैल पडलंय ते कानालाही कळतं. एवढं सगळं घडवून झाल्यावर ते गाणं इंटरनेटवर फुकट सोडून द्यायचे. मी कपाळावर हात मारायचो. फुकटच्या मालाला गिऱ्हाईक हात लावून बघत नाही. लांबडा म्हणायचा, “काका, कुणी ऐकलं की झालं.” ही वृत्ती धंद्याला किती घातक आहे यावर मी त्यांना पुष्कळ ऐकवलं. तेव्हा दोघं हेडफोन लावून बसायचे.

स्वतःची गाणी परवडली, पण शोध नकोत. या दोघांना रोज कुठलं तरी नवं संगीत सापडतं, आणि सापडलेलं दुसऱ्याला ऐकवल्याशिवाय त्यांना अन्न जात नाही. कुठल्या तरी देशातल्या मासेमारांचं गाणं, जुन्या बाजारातल्या कॅसेटमध्ये निघालेली कुणाच्या तरी लग्नातली सनई, असा कुठलाही माल. गाणं संपेपर्यंत ते कुणाचं, कुठलं, हे विचारायचं नाही असा त्यांचा दंडक आहे. मीटर बघायला आलेला माणूस, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस, सगळ्यांच्या कानांवर हेडफोन चढतात. गॅसवाला एकदा सिलिंडर खांद्यावर तसाच घेऊन सनई संपेपर्यंत उभा होता. खाली आल्यावर मला म्हणाला, “शेट, पोरं चांगली हायत, पण वजन उतरवून घ्या म्हणायचं सुचंना की त्यांना.”

आवाज गोळा करायला हे कुठंही जातात. एकदा उजनीकाठच्या एका गावात मोटारींचा आवाज घ्यायला गेले. धरणाच्या पाण्यावर ओळीनं बसवलेल्या मोटारी सुरू झाल्या की पाण्यातनं जो घुमारा येतो तो म्हणे ऐकण्यासारखा असतो. हे दोघं कानांवर हेडफोन, हातात काठीला लावलेला माइक अशा थाटात केळीच्या बागेतनं काठावर उतरले. गावकऱ्यांना वाटलं, वीज मंडळाचे लोक चोरीची जोडणी शोधत आलेत. “कुटनं आलाय म्हणायचं? हितं समदं कायदेशीर हाय बगा,” असं एकानं सांगितलं आणि तेवढ्यात काठावरच्या मोटारी एकामागून एक बंद पडल्या. पार पलीकडच्या काठापर्यंत सामसूम. बुटका कळवळून सांगतोय, “भाई, चालू करो ना, हमकू सिर्फ सुनना है,” आणि तो जितका विनवतोय तितकी माणसं मागे सरकताहेत. रिकाम्या हातानं परत आले, असं तुम्हाला वाटेल. छे! त्या सामसुमीचंच त्यांनी गाणं केलं. त्यात दूर कुठं तरी एक बगळा ओरडतो आणि एक म्हातारा खोकतो. बोहनीला मी ते ऐकलं आणि प्रथमच काही कमी करायला सांगितलं नाही. कमी करायला त्यात होतं काय?

इथवर मी सगळं सहन केलं. आता फसवणुकीकडे येतो.

माझा पहिला माग मी अजून विकलेला नाही. पत्र्याच्या एका शेडमध्ये तो आहे. आता त्याच्यावर माल निघत नाही, पण खंडेनवमीला त्याची पूजा होते आणि नंतर थोडा वेळ तो चालवतो. लग्न झालं तेव्हा आमच्याकडे हा एकच माग होता. मी मागावर असायचो आणि आमची ही शेजारी बसून चरख्यावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. अजूनही पूजेच्या दिवशी ती तिथंच बसते आणि चार कांड्या भरते. यंदा हे दोघं म्हणाले, आम्हाला मागाचा आवाज पाहिजे. मला बरं वाटलं. म्हटलं, मोटारी आणि म्हातारे सोडून अखेर ढंगाचा माल उचलला. त्यांनी एक माइक धोट्याजवळ लावला, एक मागाखाली, एक हिच्या चरख्याजवळ. मी बटण दाबलं. खटखट सुरू झाली. त्या आवाजात माणूस कानाशी येऊन ओरडला तरी ऐकू येत नाही. मी मागाशी उभा होतो, ही तिच्या जागी होती, आणि दोघं डोळे मिटून डोलत होते.

त्यानंतर मी बोहनीची वाट बघायला लागलो. खरं सांगायचं तर कुठल्याही गाण्याची एवढी वाट बघितली नव्हती. सकाळी वर जायचो. “मागाचं काय झालं?” “चाललंय, काका,” लांबडा म्हणायचा आणि स्क्रीनवर दुसरंच काहीतरी आणायचा. मेलेल्या माणसालाही गाणं ऐकवतील असे हे दोघं माझ्यापुढे मुखदुर्बळ झाले. इकडे घरातनं वर धपाटे जायला लागले. शेंगांच्या चटणीची बरणी वर गेली ती खाली आलीच नाही. वाळवण घालायला म्हणून ही दुपारची गच्चीवर जायची, आणि वाळवणाचा हंगाम नव्हता. मला वाटलं, भाडेकरू जेवणावर डोळा ठेवून आहेत. माझी अक्कल तेवढीच धावली.

एक दिवस मैंदर्गीकडचं एक गिऱ्हाईक आलं. मैंदर्गी हिचं माहेर. लग्नाच्या बस्त्यासाठी चादरी हव्या होत्या. भाव रंगात आला होता, मी छातीवर हात ठेवायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो म्हणाला, “शेट, आमच्या गावच्या लेकीचं गाणं ऐकलं की. लई गोड गळा हाय हो. त्या गळ्यासाठी तरी कमी करा.” मी म्हटलं, “कसलं गाणं?” त्यानं फोन काढला. आधी माग ऐकू आला. माझाच माग, त्याची एक लंगडी खट मी झोपेतही ओळखीन. मग ती खटखट हळूहळू मागे मागे गेली आणि तिच्याखालनं एक बाई गायला लागली. कानडीत. पावसाची वाट बघणाऱ्या जोंधळ्याचं गाणं होतं. मला ‘जेवायला या’ म्हणणारा तो आवाज होता. गिऱ्हाइकानं किती सांगितलं मला आठवत नाही. मी ‘हो’ म्हणून मान हलवली. दुकानातली माणसं माझ्याकडे बघतच राहिली.

मी जिने चढून वर गेलो आणि जे काही बोललो ते इथं लिहिता येणार नाही. लांबडा उभा राहिला, त्यामुळे तो आणखीच लांब दिसायला लागला. “काका, आमी मागच ऐकायला गेलो होतो. घरी येऊन आवाज वेगवेगळे केले, तर खटखटीच्या खाली काकू गात होत्या. आधी वाटलं, शेजारचा रेडिओ हाय.”

“मग बोहनी कुणाची होती?”

बुटका म्हणाला, “चाचा, आवाज उनका. पहले उनकूच सुनाना पड़ता ना.”

“आणि तिच्यानंतर? गावाला ऐकवण्याआधी?”

“चाची बोली, इनकू नक्को बताओ.”

दाराशी ही उभी होती. हातात धपाट्यांची ताटली. “येन्री, एवढं ओरडायला काय झालं? खाली रसवंतीपर्यंत ऐकू जातंय.”

“तू गातेस?”

“माग चालू असला की गाते. पहिल्यापासनं.”

“आणि माझ्यासमोर?”

“तुमच्यासमोर गायले असते तर तुमी म्हणाला असता, सुरुवात लांबलीय, जरा कमी कर.”

बुटका फिसकन हसला. लांबड्यानं त्याला कोपर मारलं. मी जिना उतरून खाली आलो.

आता वर दुसरं गाणं चाललंय. दुपारी खोलीचं दार लागतं. टाकीत पाणी किती आहे ते बघायला मी जिन्यात जातो. आतनं कधी तिघांचं हसणं ऐकू येतं, कधी तिचा आवाज येतो आणि कडव्याच्या मध्येच थांबतो. बहुधा माझी पावलं कळत असावीत. लांबड्याला विचारलं, या गाण्याची बोहनी कुणाची? तो म्हणाला, “काका, ते काकू ठरवणार.” सुताच्या दलालांना रडवणारा मी, पण या सौद्यात पहिला शब्द कुठला टाकावा ते मला कळत नाही. तिनं पहिला आकडा सांगितला तर तो मी लगेच कबूल करीन.

पण कोणीतरी याचा जबाब दिलाच पाहिजे. मागाच्या त्या गोंगाटात मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा असायचो, वर्षानुवर्षं. ती कोणती गाणी म्हणत होती? किती होती? मी बटण बंद केलं की कुठल्या ओळीवर थांबत होती? गोंगाट बाजूला काढायचं यंत्र त्या दोघांकडे आहे, गाणी तिच्याकडे आहेत. तिघांपैकी कोणीही चालेल, पण खाली येऊन मला हे सांगा.