कमानीच्या अलीकडे

मी बेळगावच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. दरवर्षी एका धड्याला वर्ग हमखास हसतो. अरबस्तानच्या किनाऱ्यावर मोती काढणाऱ्यांचं एक बंदर होतं. तुर्की सुलतान म्हणायचा, हे गाव माझं. इंग्रज म्हणायचे, तुझं कसलं, इथल्या समुद्रावर आमचा पहारा आहे. गावच्या म्हाताऱ्या प्रमुखाने आपल्या घरावर जुनं अरबी निशाण ठेवलं, ते इंग्रजांना चालायचं. त्याच्या मुलाने स्वतःच्या घरावर तुर्की निशाण चढवलं. एकच गाव, बापाचं निशाण वेगळं आणि मुलाचं वेगळं. इथे पोरं हसतात. मीही हसायचे. पुस्तकात त्या लोकांना बेभरवशाचे म्हटलंय, आणि मी तो शब्द फळ्यावर लिहून खाली रेघ मारायचे.

यंदा पोरं हसली तेव्हा मी खडू टेबलावर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले. पोरांना कारण कळलं नाही, आणि सांगायला लागले असते तर माझा आवाज फुटला असता. म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही बेळगावातल्या शहापूरचे विणकर. पुढच्या खोलीत यंत्रमाग खडखडतो, त्यावर घर चालतं. मागच्या खोलीत जुना हातमाग आहे. त्यावर आप्पा, म्हणजे माझे वडील, आता फक्त घरच्या लेकींसाठी विणतात. आमच्याकडे मुलीच्या पहिल्या डोहाळजेवणाची साडी दुकानातून आणत नाहीत. ती बापाच्या मागावरून उतरते, घडी घालून कापडात बांधली जाते, आणि ती घडी लेकीनेच मोडायची. मधे कुणी उलगडून बघायचं नाही. आईनेसुद्धा नाही.

धाकट्या बहिणीचं सासर हद्दीपलीकडे, कागलच्या पुढे आहे. तिच्यासाठी आप्पांनी हिरवी साडी विणली होती, लाल काठांची. गुडघे दुखत होते तरी रोज मागावर बसायचे. कार्यक्रम ठरला आणि नेमकी त्याच आठवड्यात सीमा पेटली. कुणी कुणाच्या बसला काळं फासलं, मग त्यांनी यांच्या बसला फासलं, आणि दोन्हीकडच्या गाड्या हद्द ओलांडायच्या बंद झाल्या. आईचं म्हणणं होतं, चार दिवस थांबू. आप्पा म्हणाले, "पोट काय थांबतंय व्हय?" आणि साडीचं गाठोडं काखेत मारून उठले. मी त्यांच्याबरोबर निघाले.

निपाणीच्या पुढे बसने आम्हाला उतरवलं. तिथून हद्द चालत ओलांडायची आणि पलीकडे मिळेल त्या जीपमध्ये बसायचं. आप्पांची एक सवय होती, तिच्यावरून आम्ही बहिणी त्यांना आयुष्यभर चिडवत आलो. हद्दीवर स्वागताची कमान आहे. तिच्या अलीकडे आप्पा अनोळखी माणसाशी कन्नड बोलायचे, कमान ओलांडली की मराठी. ठरवून नाही. जीभच तशी वळायची. लहानपणी आम्ही कमानीखाली आलो की त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो.

पहिल्या अडथळ्यावर पोलिसाने हटकलं. आप्पा म्हणाले, "मगळ मनिगी होंटेवरी." लेकीच्या घरी निघालोय. पोलिसाने काठी बाजूला केली.

कमान समोर दिसत होती. पण तिच्या अलीकडेच पोरांचा घोळका उभा होता, हातात काळ्या ऑइलचा डबा. ही मराठी पोरं होती. हद्द ओलांडून घोषणा द्यायला आलेली. म्हणजे आमच्या बाजूची, असं मी आदल्या दिवसापर्यंत म्हणाले असते. एकाने विचारलं, "कुठं चाललाय?" आप्पांनी कमानीकडे पाहिलं. ती अजून ओलांडायची होती. त्यांनी कन्नडमध्ये उत्तर दिलं.

"कानडी बोलतोय रं ह्यो!"

आप्पांना चूक कळली. घाईघाईने म्हणाले, "न्हाय रं बाबा, मराठीच हाय आमी. शापूरचं."

"बघ, लगेच भाषा बदलली! दोन तोंडांचा हाय."

मी पुढे झाले, ओरडले, घरचं नाव, गल्ली, सगळं सांगितलं. ऐकून घ्यायला कुणी आलंच नव्हतं. गाठोडं ओढलं गेलं. एकाने गाठ सोडली आणि साडी भर रस्त्यात झटकून उलगडली, जणू आत तलवार निघणार होती. तिची घडी एका अनोळखी पोराने मोडली. त्याचे हात ऑइलने भरलेले होते. पदरावर त्याचा अख्खा पंजा उमटला, पाचही बोटं. मग त्यालाच लाज वाटली की कंटाळा आला कोण जाणे, त्याने साडीचा बोळा करून आप्पांच्या छातीवर टाकला आणि हद्दीकडे येणाऱ्या एका गाडीकडे पळाला.

मागे पोलीस उभा होता. त्याने सगळं पाहिलं. तो जागचा हलला नाही.

आप्पांनी तिथेच उकिडवं बसून साडीची घडी घालायचा प्रयत्न केला. ज्या हातांनी ती विणली त्या हातांना घडी जमेना. मला त्या पोरांचा राग आला, पोलिसाचा आला, आणि त्याहून जास्त आला तो दोन्हीकडच्या सभागृहांत टेबलं बडवणाऱ्यांचा. इकडचे म्हणतात, इंचभर जमीन देणार नाही. तिकडचे म्हणतात, इंचन्‌इंच जमीन घेणार. जमीन! त्या वाक्यात माणूस कुठे बसवलाय तो मला कुणी दाखवावा. गाव दोघांनाही हवं आहे. गावातला म्हातारा दोघांनाही नको आहे.

बहिणीकडे पोचलो तेव्हा बायका ओटीची तयारी करून बसल्या होत्या. तिच्या सासूने डाग पाहिला आणि हळूच म्हणाली, "काळं लागलंय गं, अशा येळंला नगं. आमची नेसू दे आज." तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. बहिणीने मला विचारलं, "आक्का, काय झालं?" मी सांगितलं. ती उठून आत गेली आणि तीच साडी नेसून आली. पदर मुद्दाम पुढे घेतला होता, पंजा सगळ्यांना दिसेल असा. "ज्यानं घडी मोडली त्याचं तोंड काळं," ती म्हणाली. "माझ्या आप्पांच्या साडीला कशाचा इटाळ?" आणि ती रडत रडत पाटावर बसली. आप्पा दाराबाहेर उभे होते. त्यांना आत बोलावलं तरी आले नाहीत.

तिला मुलगी झाली. बारशाला आम्ही पुन्हा निघालो. वातावरण थोडं निवळलं होतं, पण अडथळे होतेच. पोलिसाने आप्पांना विचारलं, कुठे जाताय. आप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने पुन्हा विचारलं. आप्पा तोंड मिटून उभे राहिले.

"मूका एन?" पोलिसाने मला विचारलं. मुके आहेत का?

ज्यांच्या कन्नड लावण्या ऐकायला गल्ली जमायची आणि ज्यांचे मराठी अभंग ऐकायला तीच गल्ली जमायची, त्या माणसाबद्दल मी "होय" म्हटलं. हद्द लवकर ओलांडायची होती. पोलिसाने कीव येऊन पाण्याची बाटली पुढे केली. आप्पांनी हात जोडले.

कमान मागे पडली तरी ते बोलले नाहीत. बाळाला मांडीवर घेतलं तेव्हाही नाही. परतायची वेळ झाली तेव्हा बहीण म्हणाली, "आप्पा, नातीला काय तरी सांगा की."

आप्पांनी बाळाच्या टाळूवर हात ठेवला.

"हिला एकच भाषा शिकवा," ते म्हणाले. "कंची बी चालंल."