काट्यावरचं पोतं

सिॲटलमधली ती विटांची इमारत पूर्वी हॉटेल होती. उत्तरेकडे सोनं शोधायला निघालेली माणसं बोटीची वाट बघत तिथे राहायची आणि खालच्या दुकानातून वर्षभराचा शिधा भरायची. तेवढा शिधा जवळ नसला तर सरहद्दीवरूनच परत पाठवत. सोनं हाती लागलं ते थोड्यांच्या. पुढे हॉटेल बंद पडलं, इमारत ओस पडली, पाडायलाही निघाली होती म्हणे. आता तिथे म्युझियम आहे. पावसाळी दिवसांत मी नवऱ्याला बेलव्ह्यूहून तिथे घेऊन जाते. घरी बसलं की ह्यांचा एकच धोशा, "पुण्याला कधी निघायचं?" ऐकून ऐकून डोकं उठतं.

ह्यांना विसरण्याचा आजार आहे. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलंय, पुण्याचं घरही विकलंय. हे दर वेळी नव्याने सांगावं लागायचं आणि दर वेळी ह्यांचा चेहरा नव्याने उतरायचा. शेवटी मी सांगणंच सोडलं.

परवा गेलो तर तिथे नवीन मांडणी केलेली. पिठाची, साखरेची पोती आणि मधोमध जमिनीवरचा जुना वजनकाटा. हे थबकले. "अगं, अजून सगळं बाहेरच?" असं म्हणत दोरी ओलांडून त्यांनी एक पोतं छातीशी धरलं आणि काट्यावर उभे राहिले.

भारतात जाताना आमच्या बॅगा अशाच मोजल्या जायच्या. हे बॅग घेऊन बाथरूममधल्या काट्यावर उभे राहायचे, मी वाकून आकडा वाचायची, त्यातून ह्यांचं वजन वजा करायची. मग ह्यांच्या बहिणीसाठी घेतलेलं सामान जास्त की माझ्या, यावरून जुंपायची.

"सर, प्लीज, डोन्ट टच दॅट," म्हणत तिथल्या बाई धावत आल्या. मी हातानेच त्यांना थांबवलं.

"बघ ना, किती भरतंय?"

मी वाकले. काटा बंदच होता. मला रडू येत होतं आणि रागही. "जास्त होतंय," मी म्हटलं. वाटलं, निदान पोतं तरी खाली ठेवतील.

त्यांनी ते अलगद खाली ठेवलं.

"मग काढू नकोस काही, सगळ्यांनी हौसेने मागवलंय," ते म्हणाले. "ह्या खेपेला मीच राहतो. तू जाऊन ये."