सकपाळकाकांचं तारांचं कपाट

टेलिफोन जोडून झाला की सकपाळकाका तो लगेच कुणाच्या हातात देत नसत. आधी स्वतः रिसीव्हर कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि चांगलं अर्धं मिनिट नुसता टोन ऐकत उभे राहायचे. समोर साहेब चुळबुळत असले तरी यांची समाधी उतरत नसे. मी एकदा विचारलं, "झोप लागली का काका?" डोळे न उघडताच म्हणाले, "थांबा ओ ताई, जरा खरखर येतेय. आपण निघून जातो, मग ती यांच्या कानात राहते."

भाईंदर पूर्वेला, नवघरच्या बाजूला स्टीलची भांडी बनवणारा आमचा कारखाना होता आणि वरच्या मजल्यावर ऑफिस. मी तिथे टेलिफोन ऑपरेटर. सकपाळकाका महाडकडचे, ऑफिसातले सगळे टेलिफोन त्यांच्याकडे. अकरा वर्षं ते तिथे होते आणि अकराही वर्षं टेंपररी. दर दिवाळीला साहेब म्हणत, "बघू पुढच्या वर्षी." काका घरी जाऊन बायकोला तेच सांगत. "आता ती विचारत पण नाय," मला म्हणाले होते, "नुसता चहा ठेवते."

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर वाढले आणि साहेबांनी सगळं वायरिंग नवं करायला घेतलं. तोवर टेलिफोनची तार वेगळी, कॉम्प्युटरची वेगळी, आणि दोन्ही टेबलांखाली शेवयांसारख्या पसरलेल्या. आता प्रत्येक टेबलाशी एकसारखी सॉकेट येणार होती आणि साऱ्या तारा माझ्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात. तिथे भोकांच्या रांगाच रांगा. कपाटातली हातभर कॉर्ड कुठल्या भोकात खुपसली, त्यावर टेबलाशी टेलिफोन चालणार की कॉम्प्युटर ते ठरायचं. कॉम्प्युटरचं काम बाहेरच्या माणसांनी केलं. टेलिफोनच्या तारा त्या कपाटात आणायच्या त्या काकांनी. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "सकपाळ, हे नीट झालं की तुझं कायमचं पत्र काढतो."

पन्नाशीला आलेला तो माणूस मग शाळेतल्या पोरासारखा अभ्यासाला बसला. तारांच्या जोड्यांचे रंग पाठ केले, वहीत नकाशे काढले, प्रत्येक भोकाखाली चिठ्ठी चिकटवली. अक्षर इतकं सुरेख की मला हेवा वाटायचा. टेलिफोनसाठी त्यांनी लाल कॉर्ड ठेवल्या आणि सगळ्यांना दम भरला, "लाल कॉर्ड कॉम्प्युटरच्या रांगेत जाता कामा नये. टोन आहे तोवर ठीक, घंटी वाजली की तारेतून जोराचा करंट येतो. त्या मशिनींना सोसायचा नाय." आणि वर, "मला जेवणावरून उठवा, पण कपाटाला हात लावू नका." कपाटाच्या दोनच किल्ल्या होत्या. एक त्यांच्याकडे, दुसरी अडीअडचणीसाठी माझ्याकडे. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

त्याच दिवसांत अकाउंट्समध्ये कुजबुज सुरू झाली होती की टेलिफोनच्या नव्या यंत्रात फोन आपोआप जोडले जातात, मग ऑपरेटर हवी कशाला? मला रात्री झोप लागत नव्हती. अशात एका दुपारी साहेबांनी टेबल खिडकीशी हलवलं आणि मला म्हणाले, सकपाळला सांग, फोन तिथे ताबडतोब हवा. काका खाली डबा खात बसले होते. दहा पायऱ्या उतरून हाक मारायची, एवढंच. पण मलाही हे येतं, हे मला साहेबांना दाखवायचं होतं. मी कपाट उघडलं, लाल कॉर्ड काढली आणि खालच्या रांगेत घातली. ती रांग कॉम्प्युटरची होती. चिठ्ठी समोर होती, मी वाचली नाही.

दोन मिनिटांत कुणीतरी साहेबांना फोन केला. घंटीचा करंट भलत्या रांगेत गेला आणि सगळे कॉम्प्युटर जोडणारा डबा जळून बंद पडला, ऑफिसभर आरडाओरड. मी कॉर्ड पुन्हा जागेवर घातली, कपाटाला कुलूप लावलं आणि खुर्चीत येऊन बसले.

साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. नोंद करायला मीही रजिस्टर घेऊन उभी होते. "तुम लोगों को अच्छी चीज़ दो, उसका भी कचरा करते हो!" साहेब ओरडले. 'तुम लोग' म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. बोट काकांच्या जातीकडे होतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. काका म्हणाले, "साहेब, माझ्या हातून हे झालेलं नाय." "मग कोणाच्या?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच, पण बराच वेळ. मी रजिस्टरची पानं सारखी करत राहिले. किल्ल्या किती, हे साहेबांनी विचारलं नाही, आणि काकांनी सांगितलं नाही. टेंपररी माणसाला काढायला तेवढं शोधावं लागत नाही.

वही माझ्या टेबलावर ठेवून ते निघून गेले. मी जिन्यापर्यंतसुद्धा गेले नाही. पोराच्या फिया, घरभाडं, अशी कारणं मी पुढे स्वतःला पुष्कळ दिली. खरं कारण एकच, मी भित्री होते. आणि दीड वर्षात यंत्राने माझीही खुर्ची घेतलीच.

नंतर एकदा मीरा रोड स्टेशनबाहेर, शेअर रिक्षाच्या रांगेत ते माझ्यामागेच उभे दिसले. केस पिकलेले, खांद्याला हत्यारांची पिशवी. दुकानांचे, घरांचे फोन जोडत फिरतोय म्हणाले. माझ्याने राहवेना.

"काका, त्या दिवशी कपाट मी उघडलं होतं."

"माहितीये."

"मग केबिनमध्ये बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलेलो."

आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी माफीचं काहीतरी पुटपुटू लागले, तोच रिक्षा आली. "बसा, ताई," ते म्हणाले. मी आत सरकून बसले. त्यांनाही तिकडेच जायचं होतं आणि माझ्याशेजारी दोघांची जागा होती. त्यांनी मागच्या माणसांना पुढे जाऊ दिलं आणि स्वतः दुसऱ्या रिक्षासाठी थांबले.