दुसऱ्या डिकॉक्शनचा बर्गर

कढईतला कांदा पातळ होत चालला होता आणि मला तोंड उघडायची परवानगी नव्हती.

चेन्नईच्या एग्मोर भागातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मी स्टुलावर बसले होते. मांडीवर फॉर्म, हातात पेन. समोर सुगुणाबाई माझाच बर्गर करत होत्या, माझीच रेसिपी वाचून. आणि तो डोळ्यांदेखत बिघडत होता.

मी एका ब्रेड कंपनीच्या टेस्ट किचनमध्ये काम करते. मूळची सांगलीची, तेव्हा चेन्नईत येऊन जेमतेम सात महिने झाले होते. कंपनीचा नवा बन बाजारात यायचा होता आणि पाकिटामागे छापायला घरी करता येईल अशी, पण कोणी कधी खाल्ली नसेल अशी रेसिपी हवी होती. पेरू, मिरची आणि चीजचं सँडविच मी आधी करून पाहिलं. छान लागलं, पण पेरू बारा महिने चांगला मिळत नाही. मग सापडला कॉफी-कांदा बर्गर. कांदा मंद आचेवर तांबूस परतायचा, त्यात गूळ, मग दोन चमचे फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन, म्हणजे दूध घालण्याआधीचा काळा अर्क. खाली कच्च्या केळ्याची टिक्की. ऐकायला विचित्र वाटतं, पण कांद्याचा गोडवा आणि कॉफीचा कडूपणा एकमेकांना छान धरून ठेवतात. याला आम्ही पेअरिंग म्हणतो. ऑफिसात सगळ्यांनी दोन-दोन खाल्ले. मी हवेत होते.

आमचे बॉस रामनाथन सर मात्र जमिनीवरच होते.

"मानसी, टेस्ट किचनमध्ये सगळंच चांगलं लागतं. होम ट्रायल कर."

होम ट्रायल म्हणजे तीन अनोळखी घरांत रेसिपीचा कागद द्यायचा आणि गप्प बसून बघायचं. बोलायचं नाही, मदत करायची नाही. ट्रायल संपेपर्यंत त्या घरचं काही खायचं-प्यायचं नाही. तीनपैकी दोन घरांनी "हे आम्ही पुन्हा करू" म्हटलं तर पास.

"आणि नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

"तर प्रोबेशन संपेपर्यंत मॉइश्चर लॅब."

मॉइश्चर लॅबमध्ये ब्रेडच्या स्लाइसमध्ये पाणी किती आहे ते मोजतात. दिवसभर. पहिले चार महिने मी तेच केलं होतं. पुन्हा तिथे जायचं नव्हतं.

पहिलं घर पास झालं. दुसऱ्या घरात फोन आला, कांदा करपला, फेल. आता सगळी मदार सुगुणाबाईंवर. या तंजावरकडच्या मराठी, निवृत्त शिक्षिका. घरी जुनं मराठी बोलतात, मध्येच तमिळ येतं. सकाळी दहाला मी दारात उभी राहिले, तर नाव ऐकूनच त्या खूश.

"आपली पोरगी! बैस मा. अगोदर काफी घे, मग काम."

"नको, आम्हाला परवानगी नसते."

"परवानगी कोण देणार? घर माझं!"

त्यांनी पितळी डबरा-टंबलर, म्हणजे वाटीत ठेवलेला पेला, पुढे केला. वाफ आली आणि माझा कंपनीचा नियम त्या वाफेबरोबर गेला. मी जन्माची चहावाली, पण अशी दाट कॉफी चेन्नईत आल्यापासूनही कधी प्यायले नव्हते. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि स्टुलावर बसले.

मग सुगुणाबाईंनी कागद वाचला. कांदा अगदी सुरेख परतला, गूळ घातला. डिकॉक्शनचे दोन चमचे घातले, चव घेतली आणि कपाळाला आठी घातली.

"काफीचा वासच नाही की."

अजून दोन चमचे. पुन्हा चव. मग त्यांनी सरळ अर्धी वाटी ओतली. कांदा त्यात पोहायला लागला. ते डिकॉक्शन मी नीट पाहिलं. आमच्या टेस्ट किचनमधलं काळं कुळकुळीत असायचं, हे फिकं तपकिरी होतं.

तो ओला कांदा बनमध्ये गेला की तळाचा पाव भिजून लगदा होणार, हे मला दिसत होतं. ते होऊ नये म्हणून आम्ही पावाला आतून लोण्याचा थर देतो. त्याला बॅरियर म्हणतात. कागदावर "थोडं लोणी" लिहिलं होतं, पण इतक्या पाण्यापुढे थोडं लोणी काय करणार?

सुगुणाबाईंनीही कढईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझा चेहरा बहुधा सगळं सांगत होता. त्यांनी लोणी बाजूला सारलं, फळीवरून इडलीबरोबर खातात त्या तिखट पोडीचा डबा काढला, तिळाच्या तेलात पोडी कालवली आणि बनच्या दोन्ही बाजूंना जाड थापली. वर टिक्की, वर कांदा.

पोडीतल्या भाजलेल्या डाळींनी सगळं पाणी शोषून घेतलं. तेलाने पाव वाचवला. सुगुणाबाईंनी अर्धा बर्गर खाल्ला आणि उरलेला माझ्या हातात दिला.

"मी पुन्हा करणार. पण असाच."

ट्रायल संपली होती, मी खाल्ला. माझ्या बर्गरपेक्षा चांगला होता. मला राग आला आणि आनंदही झाला. आता बोलता येत होतं, म्हणून आधी डिकॉक्शनचंच विचारलं.

त्या हसल्या. "ते दुसरं. फिल्टरातल्या त्याच पुडीवर पुन्हा पाणी घातलेलं. पहिलं दाट असतं, ते कोण कांद्यात घालेल मा?"

"मग आजचं पहिलं कुठे गेलं?"

"तूच प्यालीस की!"

खाली उतरल्यावर मी जिन्यातच बसून फॉर्म भरला. "रेसिपीत बदल झाला का? का झाला?" असा एक रकाना असतो. तिथे काहीही लिहून सुटता आलं असतं. पण अर्धा बर्गर पोटात होता आणि त्या बाईंचं हसणं कानात. मी खरं लिहिलं: पहिलं डिकॉक्शन निरीक्षकाने प्यायलं.

रामनाथन सरांनी ते दोनदा वाचलं.

"सात महिने इथे राहतेस. कॉफी घरी कशी करतात, माहीत नव्हतं?"

"सर, मी चहा पिते."

"माझ्या आईने मला दहावीपर्यंत दुसरंच दिलं," ते म्हणाले. "पहिलं पाहुण्याला. तुझी रेसिपी फेल. आता त्या बाईंची रेसिपी घे, दुसरं डिकॉक्शन अर्धी वाटी, पोडी दोन चमचे, आणि तीन नवी घरं शोध."

तिन्ही घरं पास झाली. माझी मॉइश्चर लॅब टळली. आता होम ट्रायलला मी घरून चहा पिऊन निघते, नाहीतर मोह आवरत नाही. पाकिटामागे ठळक छापलंय: डिकॉक्शन दुसरंच वापरा. पहिल्याचं काय करायचं, ते कोणत्याही घराला सांगावं लागलेलं नाही.