चाकांच्या बुटांवरचं माकड

मालक माझ्या कमरेला शेपटी बांधायचा आणि गाठ पक्की बसली का ते बघायला लाथ घालायचा. रोज. सगळ्यांसमोर.

सर्कशीत होतो मी. खापर गावच्या वरच्या डोंगरातला भिल. घोड्यांची लीद काढायला लागलेलो. चाकांचे बूट घालून रिंगणात घसरत खेळ करणारा एक गोवेकर तिथं होता. तो तापानं मेला. त्याचे बूट कोपऱ्यात पडून राहिले. पहाटे मी ते चढवायचो आणि रिंगणात अंथरलेल्या फळ्यांवर पळायचो. पडलो, कोपरं सोलली, शिकलो. मग अंग आपोआप आपल्या वळणावर आलं. होळीला माझा बा कमरेला भोपळे बांधून, डोक्यावर मोरपिसं लावून नाचतो, तसं. कंबर सैल. हात उघडे. मान मागं टाकून एका पायावर गिरकी.

मालकानं पाहिलं.

"हे काय बायकी चाळे? गोवेकर शिपायासारखा ताठ चालायचा."

"मला असंच येतं."

थोबाडीत बसली. "मग तू माकड हो. तुम्हा लोकांना तेच शोभतं."

झालो माकड. तोंडावर मुखवटा, मागं शेपटी, पायात तेच बूट. पडायचं, ढुंगण चोळायचं, केळं खायचं. लोक हसायचे. पोटाला मिळत होतं, म्हणून मी पडत राहिलो. गावी सांगितलं होतं, बूट घालून खेळ करतो. माकडाचं बोललो नव्हतो.

तंबू नंदुरबारला लागला. दुपारच्या खेळाला बा डोंगर उतरून आला आणि मागं जमिनीवर बसला. पुढं खुर्चीत तापीकाठचा एक पाटील. आमची माणसं त्याच्या शेतात राबायची. मला पाहून तो ओरडला, "माकडले बूट कोन दिनात रे?"

माकडाला बूट कुणी दिले, या प्रश्नावर तंबू खदखदला. मालक पळत गेला, पाटलाला हाताला धरून रिंगणात घेऊन आला. पाटलानं माझी शेपटी पकडली आणि हिसका दिला. मी तोंडावर आपटलो. मुखवट्याच्या आत दात तुटला. रक्त गिळलं. तो मला फळ्यांवरून ओढत राहिला.

"नाच रे भिलडा! नाच!"

मान वर केली तर मागं बा दिसला. बाकी सगळे हसत होते. त्यानं मान खाली घातली होती. होळीत ज्याच्या डोक्यावर मोरपिसं डोलतात, तो माणूस माझ्यापायी मातीकडं बघत होता.

तिथं माझ्यात काहीतरी फाटलं.

मुखवटा काढला, पाटलाच्या तोंडावर फेकला. शेपटी उपटली, दोरीसंगं कमरेचं कातडंही गेलं. आणि सुटलो. उघड्या अंगानं, माझ्या वळणानं. हात उघडले. कंबर सोडली. एका पायावर गरगर फिरलो, तोंडातलं रक्त चहूकडं उडालं. बँड थांबला. हसणं थांबलं. मागून बानं होळीतली आरोळी ठोकली.

पाठीवर चाबूक फुटला. मालक होता. दुसरा फटका कानावर. तो पुन्हा उगारतोय तोवर मी चाबूक हवेत धरला, मनगटाला गुंडाळला, ओढला. मालक आडवा झाला. त्याच्या त्या हातावरून मी चाकं नेली. चुकून नाही, मुद्दाम. बोटं मोडली ते माझ्या तळपायाला कळलं.

मग तंबूची माणसं आली. खुंट्या ठोकायच्या घणानं माझा गुडघा फोडला. बा मधे पडला, त्यालाही तुडवलं. शिपायांनी मला फरफटत नेलं.

कचेरीत निवाडा करणाऱ्या साहेबानं विचारलं, "पश्चात्ताप होतो का?"

"नाही."

"माफी मागितलीस तर शिक्षा कमी करीन."

"बाच्या देखत मला ओढलं, त्याची माफी कोण मागतंय?"

 साहेबानं तुरुंगाची शिक्षा लिहिली.

सुटलो तेव्हा बा दारात उभा होता. त्याची एक बरगडी वाकडीच जुळली. माझा गुडघा आता वळत नाही. गिरकी गेली ती गेली. पण दुसरा पाय शाबूत आहे, हात शाबूत आहेत. यंदा होळीला मी खापरच्या बाजारात, भर दिवसा, पाटलांच्या खुर्च्यांसमोर उतरणार आहे. लंगडत, पण माझ्याच अंगानं. कुणाला बघवत नसेल त्यानं उठून जावं. माझ्यावर जो हात उचलेल, तो हात मोडीन. तुरुंग मी बघून आलोय.